घर आधी, गाव मागाहून

नोव्हेंबर 2024मध्ये नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी परिसरातील सात इमारती जमीनदोस्त झाल्या आणि जानेवारी 2025च्या उत्तरार्धात उरलेल्या 34 इमारतींवर हातोडा पडू लागला. कारवाई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार झाली. एकूण 41 इमारती आणि त्यांत राहणारी सुमारे अडीच हजार कुटुंबे. उघड्यावर पडलेल्या संसारांची छायाचित्रे छापून आली, पुनर्वसनाची भाषा झाली आणि काही आठवड्यांत विषय मागे पडला. या प्रकरणातील एका तपशिलाकडे मात्र जावे तितके लक्ष गेले नाही. ज्या जमिनीवर या इमारती उभ्या होत्या ती विकास आराखड्यात सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेली होती. म्हणजे जी वस्ती तेथे वाढणार होती तिच्या मैल्याची आणि कचऱ्याची सोय जेथे व्हायची, नेमक्या त्याच जागेवर वस्ती बांधून विकली गेली. गावाचा जो भाग घरांच्या आधी व्हायला हवा होता तो घरांखाली गाडला गेला, आणि पुढे घरेही गेली.

बेकायदा बांधकामाची ही टोकाची कहाणी आहे, असे म्हणून ती बाजूला सारता येईल. परंतु विरारच्या पुढे बोईसरपर्यंत, कल्याणपासून कर्जत आणि कसारा या दोन्ही दिशांना, पनवेलच्या भोवती उलवे-तळोज्यापर्यंत ज्या सदनिका सर्व परवानग्यांनिशी विकल्या जात आहेत, त्यांची कथा तत्त्वतः फार वेगळी नाही. तेथेही घर आधी विकले जाते आणि गाव मागाहून येईल असे सांगितले जाते. फरक एवढाच की तेथे कोणी हातोडा घेऊन येत नाही. तेथे फक्त वाट पाहायची असते.

या खरेदीचा विधी ठरलेला आहे. रविवारी सकाळी कुटुंब लोकलने येते, स्टेशनवर विकसकाची गाडी उभी असते. कच्च्या रस्त्याने धुरळा उडवीत गाडी एका कमानीशी थांबते. कमानीच्या आत सजवलेली नमुना सदनिका असते, आणि भिंतीवर भावी वसाहतीचा रंगीत नकाशा. त्यावर शाळा, रुग्णालय, उद्यान, रुंद रस्ता आणि कोपऱ्यात मेट्रोचे स्थानक दिसते. बारकाईने पाहिले तर यांतील बऱ्याच गोष्टी विकसकाच्या हद्दीबाहेर असतात आणि त्यांच्यापुढे कंसात ‘प्रस्तावित’ असे लिहिलेले असते. मराठीत इतका महाग पडणारा दुसरा शब्द शोधूनही सापडणार नाही.

या व्यवहारावर कायद्याचा अंकुश नव्हताच असे नाही. महाराष्ट्राने 1963 सालीच सदनिका मालकीविषयीचा कायदा केला. त्याची अंमलबजावणी इतकी शिथिल होती की इमारत पूर्ण होऊन दशके लोटली तरी जमिनीचे अभिहस्तांतरण होत नसे, आणि शेवटी 2008मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. पुढे 2016चा स्थावर संपदा कायदा आला आणि 1 मे 2017पासून महारेराचे काम सुरू झाले. या कायद्याने काय साधले हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. नोंदणी झाल्याविना जाहिरात करता येत नाही. करार केल्याविना किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ताबा लांबला तर ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो, किंवा घर ठेवून दरमहा विलंबाचे व्याज मागू शकतो. एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या प्रकल्पाच्या जमिनीत गाडण्याचा जो राजरोस धंदा चालत असे त्याला यामुळे आळा बसला.

पण या कायद्याची नजर प्रकल्पाच्या कुंपणापाशी थांबते. लिफ्ट, वाहनतळ, क्लब हाऊस, आतला रस्ता यांची जबाबदारी प्रवर्तकावर आहे. कुंपणाबाहेरच्या पाण्याची, गटाराची, शाळेची, रुग्णालयाची आणि रेल्वेची जबाबदारी कोणावर, आणि मुख्य म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत, याविषयी खरेदीदाराच्या हातातील करार गप्प असतो. विकसकाच्या डोक्यावर तारीख आहे, शासनाच्या डोक्यावर नाही. शिवाय नोंदणी ज्या कागदांच्या आधारे होते ते कागदच खोटे निघाले तर काय होते, हे कल्याण-डोंबिवलीत दिसले. तेथे 65 इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली, आणि नोव्हेंबर 2024मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. शासनाच्याच संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक पाहून ज्यांनी घर घेतले त्यांनी आणखी कोणती चौकशी करायला हवी होती, याचे उत्तर शासनाने आजवर दिलेले नाही.

अर्धवट वसाहतीत घर घेणारा नेमके काय विकत घेतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. विटा-सिमेंटचा खर्च मुलुंडला आणि वांगणीला फारसा वेगळा नसतो. किमतीतील तफावत पडते ती जागेमुळे, आणि जागेची किंमत म्हणजे तिच्याभोवती असलेल्या रस्त्याची, पाण्याची, गाडीची, शाळेची आणि शेजाराची किंमत. यांपैकी बहुतेक गोष्टी विकसक निर्माण करीत नाही. त्या सार्वजनिक पैशातून होतात, किंवा आधी राहायला आलेली माणसे त्या हळूहळू घडवतात. पहिल्या शंभर कुटुंबांनी अंधारात, चिखलात, टँकरच्या पाण्यावर काढलेल्या वर्षांमुळे तेथे दुकान येते, डॉक्टर येतो, शेअर रिक्षा सुरू होते. आणि मग त्याच विकसकाच्या दुसऱ्या टप्प्यातील सदनिका चढ्या भावाने विकल्या जातात. पहिल्या टप्प्यातील खरेदीदाराला स्वस्तात घर मिळाले असे सांगतात. वास्तविक त्याने विकसकाला बांधकामासाठी आगाऊ भांडवल दिले, धोका पत्करला, आणि वस्ती वसवण्याचे श्रमही फुकट दिले.

हिशेब मांडून पाहावा. समजा 25 लाखांचे कर्ज 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे 22,500 रुपये बसतो. परतफेड एकूण जवळजवळ 54 लाखांची होते. बांधकाम चालू असताना 20 लाख उचलले गेले असतील तर ताबा मिळण्यापूर्वीच दरमहा 15,000 रुपये व्याज सुरू होते, आणि जुन्या खोलीचे 8,000 रुपये भाडे द्यावेच लागते. ताबा तीन वर्षे लांबला तर केवळ भाड्यात दोन लाख 88 हजार गेले. विलंबाच्या व्याजासाठी महारेराकडे जाता येते, आदेशही मिळतो. वसुलीसाठी मग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या आहेतच. यात टँकरची वर्गणी, रिक्षाचे दुहेरी भाडे आणि रोज प्रवासात जाणारे चार तास धरलेले नाहीत. चार तासांची किंमत लावण्याची पद्धत गृहकर्ज देणाऱ्या बँकेकडे नाही. ज्या बाईला पहाटे चारला उठून डबा करून पाच-सव्वापाचची गाडी पकडायची आहे तिच्याकडे ती आहे.

जमिनीच्या या वाढीव मूल्याचा प्रश्न नवा नाही. रिकार्डोने शेतजमिनीच्या खंडाची मीमांसा केली, आणि हेन्री जॉर्जने 1879मध्ये ती शहराला लावून दाखवली. समाजाच्या वाढीमुळे जमिनीची जी किंमत वाढते ती मालकाने कमावलेली नसते, म्हणून ती कराच्या रूपाने समाजाकडे परत यावी, असे त्याचे म्हणणे होते. एबेनेझर हॉवर्डच्या कल्पनेतून 1903 साली इंग्लंडात लेचवर्थ हे उद्याननगर उभे राहिले तेव्हा नगराची जमीन एका सामायिक संस्थेच्या मालकीची ठेवण्यात आली, म्हणजे वाढणारे भाडे पुन्हा नगराच्या सोयींत जाईल. लेचवर्थमध्ये ती जमीन आजही बहुतांशी एका विश्वस्त संस्थेच्या हाती आहे.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. मुंबईतील 1896च्या प्लेगनंतर 1898मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने गरिबांच्या चाळी पाडताना दाखवलेली निष्ठुरता विसरता येणार नाही. तरीही दादर-माटुंग्याच्या आखणीत त्याने एक शिस्त पाळली: आधी रस्ते, गटारे, मैदाने, मग भूखंड, तेही भाडेपट्ट्याने. आज ज्या दादरच्या गल्ल्यांचे कौतुक होते त्या या क्रमातून झाल्या आहेत. परकीय सरकारच्या अमलाखाली जो क्रम पाळला गेला तो लोकनियुक्त सरकारांना का जमू नये?

नवी मुंबईच्या बाबतीत हा प्रयत्न झाला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965मध्ये मांडलेल्या कल्पनेतून 1970 साली सिडको स्थापन झाली. 95 गावांच्या जमिनी घ्यायच्या, त्या विकसित करून विकायच्या आणि येणाऱ्या पैशातून शहराच्या सोयी उभ्या करायच्या, ही मूळ योजना समाजवादी विचाराच्या जवळची होती. मानखुर्द-वाशी रेल्वेचा दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला, ही गोष्ट आजच्या कोणत्याही खाजगी नगरवसाहतीच्या संदर्भात आठवण्याजोगी आहे. परंतु ती गाडी वाशीला पोहोचायला 1992 साल उजाडले. शेतकऱ्यांच्या वाट्याला काय आले हे त्याआधीच, जानेवारी 1984मध्ये, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात स्पष्ट झाले होते. त्यात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात बळी पडले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना पुढे आली. आणि नंतरच्या काळात सिडको स्वतःच सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला भूखंड विकणारी व्यापारी संस्था झाली. सार्वजनिक मालकी असली की न्याय आपोआप होतो, या भोळ्या समजुतीला नवी मुंबईने धडा दिला आहे. तो पचवणे समाजवाद्यांना अवघड जाते, पण पचवलाच पाहिजे.

बाकी ठिकाणी तर हा प्रयत्नही नाही. वसईत 1980च्या दशकाच्या अखेरीपासून हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. विहिरी आटतील, पाणी खारे होईल, हे त्या चळवळीने तेव्हाच सांगितले होते. महापालिका आली ती 2009 साली. 2011च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. म्हणजे मोठ्या शहराइतकी माणसे आधी राहायला आली आणि त्यांचा कारभार पाहणारी महापालिका मागाहून जन्मली. कल्याणच्या भोवतीची 27 गावे महापालिकेतून 2002मध्ये वगळली, 2015मध्ये पुन्हा घेतली. या मधल्या काळात इमारती उठतच होत्या. त्यांवर देखरेख कोणाची, या प्रश्नावर दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवीत राहिली.

विकास आराखड्यातील आरक्षणांचे जे होते तेही कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे, कारण येथे चोरी कायद्याच्या चौकटीत राहून होते. 1966च्या नगररचना अधिनियमाच्या 127व्या कलमानुसार आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत राखीव जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर 24 महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. मालकाची जमीन अनंत काळ अडकून पडू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण नवजात पालिकेकडे संपादनासाठी पैसा नसतो आणि वस्तीमुळे जमिनीचा भाव दरसाल चढत असतो. जितका उशीर तितकी जमीन महाग, आणि जितकी महाग तितका उशीर. शेवटी नकाशावरच्या शाळेच्या जागी इमारतीचा आणखी एक विंग उभा राहतो. त्या शाळेच्या भरवशावर घर घेतलेल्या कुटुंबाला नोटीस कोणीच देत नाही.

पाण्याचा प्रश्न याहून खोल आहे, कारण तेथे खरेदीदाराचे हित आणखी गरीब माणसाच्या हिताविरुद्ध उभे केले जाते. सूर्या प्रकल्प उभा राहिला तो आजच्या पालघर जिल्ह्यातील शेतीला, त्यातही आदिवासींच्या शेतीला पाणी देण्यासाठी. ते पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळवण्याला तेथील आदिवासी संघटनांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातील गावे आणि पाडे बुडाले. भातसा, तानसा, वैतरणा ज्या शहापूरच्या परिसरात आहेत तेथे उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकर फिरतो. आणि या सर्वांचे पाणी ज्या वसाहतींना मिळणार असे जाहिरातीत लिहिलेले असते, तेथेही टँकरच फिरतो! दोन्ही टोकांना टँकर, मग मधल्या पाण्याचा आणि पैशाचा धनी कोण, हा प्रश्न दोन्हीकडच्या बायांनी एकत्र विचारला तर अनेकांची पंचाईत होईल. म्हणूनच त्यांची गाठ पडू दिली जात नाही.

रेल्वेविषयी थोडक्यात सांगायचे तर ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022मध्ये सुरू झाली. तोवर दिव्याच्या पुढे डोंबिवली, कल्याण, बदलापूर, टिटवाळा येथे किती मजले चढले होते, हे गाडीतून नुसते बाहेर पाहिले तरी कळत असे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या गाड्यांच्या दारांतून प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले. बांधकामाची परवानगी देणाऱ्या कोणत्याही फाइलमध्ये, या वसाहतीतून सकाळी किती माणसे स्टेशनावर जातील आणि त्यांना डब्यात जागा असेल का, असा रकाना नसतो.

तरीही घर घेणारा तेथे जातो, कारण त्याला दुसरीकडे जागा नाही. 1982च्या संपानंतर ज्यांची गिरणी गेली त्यांच्या मुलांनी आधी डोंबिवली, मग बदलापूर, मग विरार गाठले. गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. ज्या कामगारांना घरे देणे बाकी आहे त्यांच्यासाठी शासनाने शेलू आणि वांगणीची योजना पुढे केली, तेव्हा जुलै 2025मध्ये कामगार संघटना आझाद मैदानावर आल्या. आमचे घर मुंबईतच हवे, ही त्यांची मागणी हट्टाची नाही. ज्या जमिनीला त्यांच्या दोन-तीन पिढ्यांच्या घामाने मोल आले तेथून उठवून, जेथे अजून मोल यायचे आहे तेथे त्यांना पाठवायचे, म्हणजे तीही जमीन त्यांनीच पुन्हा वसवून द्यायची, असा या योजनेचा अर्थ आहे.

या सर्व काळात समाजवादी चळवळीने उपनगरातल्या घर-खरेदीदाराकडे कसे पाहिले? स्पष्ट बोलायचे तर उपेक्षेने. झोपडपट्टीवासी आपला, शेतमजूर आपला. पण कर्ज काढून सदनिका घेणारा म्हणजे मध्यमवर्गाच्या शिडीवर चढणारा, त्याच्या गाऱ्हाण्यांत वर्गसंघर्ष कोठला, अशी एक तुच्छता चळवळीच्या मनात होती. परिणामी त्या वसाहतींत नळ आणून देणारा म्हणून टँकरमालकच नगरसेवक झाला, आणि सार्वजनिक उत्सवांच्या मंडपांतून जे राजकारण शिरले ते चळवळीला नंतर आवरता आले नाही.

ही उपेक्षा परंपरेला धरून नव्हती. मृणाल गोरे यांचे राजकारण गोरेगावच्या नळावरून उभे राहिले, आणि ‘पाणीवाली बाई’ ही पदवी त्यांना लोकांनी दिली. गोरेगाव तेव्हा असेच अर्धवट उपनगर होते. पुढे 1976च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखालील अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळवण्याकरिता नागरी निवारा परिषदेने दीर्घ लढा दिला, आणि दिंडोशीला सहा हजारांच्या आसपास घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. तेथे नफेखोर विकसक नव्हता. तो कायदा महाराष्ट्राने नोव्हेंबर 2007मध्ये रद्द केला. रद्द करताना जमीन मोकळी होईल, घरे स्वस्त होतील, असे सांगितले गेले होते. जमीन मोकळी झाली हे खरे.

आज करण्यासारखे बरेच आहे आणि त्यासाठी क्रांतीची वाट पाहण्याची गरज नाही. नव्या टप्प्याचे बांधकाम-प्रमाणपत्र देण्यापूर्वी आधीच्या टप्प्यात नळाने प्रत्यक्ष किती पाणी येते याची नोंद जाहीर करण्याचे बंधन नियोजन प्राधिकरणावर घालता येईल. जाहिरातीत जी सार्वजनिक सोय दाखवली तिच्यापुढे जबाबदार खात्याचे नाव, मंजूर निधी आणि तारीख लिहिण्याची सक्ती महारेरा करू शकते. तारीख नसेल तर ती सोय नकाशावर दाखवू नये. मेट्रो किंवा महामार्गाच्या घोषणेने ज्या जमिनींचे भाव चढतात त्यांच्या वाढीव मूल्याचा मोठा वाटा स्थानिक संस्थेला मिळून तो केवळ आरक्षित भूखंड संपादण्यासाठी राखून ठेवला पाहिजे. विकास शुल्क आजही घेतले जाते. ते त्याच वस्तीत खर्च होते की नाही, हे मागाहून विचारणारा मात्र कोणी नसतो.

कार्यकर्त्यांनी वेळ साधण्याचा प्रश्न आहे. आजवर चळवळ अशा वसाहतींत पोहोचली ती ताबा मिळून पाच-सात वर्षे झाल्यावर, पाणी पेटल्यावर. तोवर लोक थकलेले असतात आणि विकसक पुढच्या स्टेशनाला गेलेला असतो. 2016च्या कायद्यानुसार बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाली की तीन महिन्यांच्या आत खरेदीदारांची संस्था स्थापन होणे अपेक्षित आहे. म्हणजे इमारतीला छत येण्यापूर्वीच माणसे कायद्याने एकत्र येऊ शकतात. विकसक हे स्वतःहून करीत नाही आणि खरेदीदारांना बहुधा ठाऊकच नसते. बदलापूर, वांगणी, बोईसर, उलवे येथे आज ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांच्या याद्या करून, त्यांच्या पहिल्या सभा जिल्हा शाखांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी घ्याव्यात. आणि त्या सभांना शहापूर-मुरबाडच्या, डहाणू-विक्रमगडच्या पाड्यांवरील, ज्यांच्या दारातून हे पाणी जाते त्या बायांनाही बोलवावे.